भागीआयची दुखण्याची पाटी

मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी भागीआयचं नाव घेतो. पण ते घेताना माझ्या कपाळाला आठी पडते, ती मला अजून आवरता आलेली नाही. ज्यांचे आपल्यावर उपकार असतात त्यांची आठवण निघाली की डोळे भरून यावेत, अशी रीत आहे. मला भागीआय आठवली की आधी तिच्याशी भांडावंसं वाटतं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आमची निम्मी भांडणं माझ्या बाजूनं अजून चालूच आहेत.

आमचा कोळीवाडा बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचे वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि मग समुद्रावर गेलेल्या प्रत्येक माणसाचा वाटा. जो गेला त्याला मिळाला, जो घरी राहिला त्याला नाही. मग तो आळसानं राहिलेला असो की तापानं फणफणलेला. बायका आपापल्या माणसाचा वाटा पाटीत भरून बोर्लीच्या बाजाराला निघायच्या. पण पाटी डोक्यावर चढवण्याआधी प्रत्येकीला भागीआयच्या समोरून जावं लागे.

ती एका उपड्या पडावाला, म्हणजे मोडक्या जुन्या होडीला, टेकून बसलेली असायची. अंगानं काटकुळी, आवाज मात्र वाऱ्यावर मात करणारा. उजव्या हाताचं बोट मिश्रीनं काळं झालेलं आणि कायम दातांवर. तिच्या शेजारी एक रिकामी पाटी असे. प्रत्येक बाईनं आपल्या वाट्यातली एक मासळी त्या पाटीत टाकायची. ही दुखण्याची पाटी. ज्या घरचा माणूस आजारपणामुळे समुद्रावर जाऊ शकत नसेल त्या घरासाठी. ज्या बाईची पाळी असेल तिनं ती पाटी आपल्या पाटीबरोबर बाजारात न्यायची, मासळी विकायची आणि येताना तांदूळ, मीठ, रॉकेल घेऊन आजाऱ्याच्या दारात ठेवायचं. आभार मानायचे नाहीत, कारण कुणाचे मानायचे तेच ठरलेलं नव्हतं.

पाटीत मासळी पडताना भागीआयचं बोट दातांवरून निघायचं.

"ही मासळी हाय का मासळीची सावली?"

"आज एवढीच मिळाली गं, आय."

"काल तुझा जावई आला व्हता तवा त्याच्या ताटात काय वाढलंस ते बघितलंय मी. तसला काढ."

आणि ती बाई चडफडत खालची मासळी उपसून मोठी काढायची. मी लहानपणापासून हे पाहत आलो. ही पाटी तिनं कधी सुरू केली, का केली, हे मी कॉलेजात गेल्यावर तिला कितीदा विचारलं असेल. मला ते लिहून काढायचं होतं. उत्तर ठरलेलं: "तुला काय करायचंय? तुझ्या आयशीला सांग, मासळी घाल आन् वाटेला लाग."

पण खरा वैताग होता तो तिच्या नियमांचा. पाटीत काय बसतं आणि काय बसत नाही, हे फक्त तिला ठाऊक. ताप बसत असे. मोडलेलं हाड बसत असे, पण दारू पिऊन पडून मोडलेलं बसत नसे. माशाचा काटा लागून हात सुजला तर बसे. बाळंतपण बसत नसे. "ते दुखणं न्हवं, ते काम हाय," असं ती म्हणायची, आणि ओल्या बाळंतिणीसुद्धा यावर हसायच्या, याचा मला फार राग येई. औषध ज्याचं त्यानं पाहायचं. म्हातारपण बसत नसे. आणि छाती मुळीच बसत नसे. क्षय हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नसे, नुसतं छाती म्हणत. छातीचं दुखणं संपत नाही, म्हणून ते पाटीत घ्यायचं नाही. यावर कुणी काही बोललं की ती हातानं पाटी तिरकी करून दाखवायची आणि म्हणायची, "पाटीला तळ हाय."

एकदा अलिबागहून विम्याचे एक एजंट आमच्या कोळीवाड्यात आले. कोट घातलेला, बुटात वाळू गेलेली. बिचारे भल्या मनाचे होते. पण समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा विमा कंपनी सहसा उतरवत नाही, हे त्यांना तिथं आल्यावर सांगावं लागलं. आजारपणाचं कुणी विचारलं तर म्हणाले, तसला विमा आपल्याकडे नाही. मुंबईत गिरणीतल्या कामगारांना सरकारनं काहीतरी सुरू केलंय, पण तुम्ही त्यात येत नाही.

"मंग तुमचा इमा कोणाला?" भागीआयनं विचारलं.

"ज्याची नोकरी कायम आहे, प्रकृती ठणठणीत आहे, त्याला."

"ठणठणीत माणसाला घेऊन करता काय?"

सगळे हसले. एजंटही हसले. म्हणाले, "बाई, आजारी माणसं घेतली तर कंपनी बुडेल. छातीचा रोगी तर आम्ही दारातही उभा करत नाही."

मला वाटलं, आता भागीआय यांची खरडपट्टी काढणार. तिनं मान डोलावली. "ते मात्र बराबर करता. छाती आमीपण घेत न्हाय." आणि दोन विमा कंपन्यांचे मालक भेटावेत तशी ती दोघं बराच वेळ बोलत बसली. निघताना तिनं त्यांच्याकडूनही पाटीत काहीतरी टाकायला लावलं. "चाय पिलात ना आमची?" त्यांच्याकडे मासळी नव्हती, म्हणून त्यांनी डब्यातलं केळं टाकलं.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून घरी आलो. आमच्या सगळ्या कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा होडीवर जात होते, पण जिना चढावा तशी वाळू चढत होते. खोकला तर असा, की आई बोलायची थांबायची. मी हट्टानं त्यांना श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून बोलले. छाती. सुया मिळतील, माणूस बरा होईल, पण पुढचा पावसाळा येईपर्यंत अंथरुणावरून हलायचं नाही. समुद्राचं तर नावही काढायचं नाही.

म्हणजे बाबांचा वाटा बंद. वाटा बंद म्हणजे आईला बाजारात न्यायला मासळी नाही. भागीआयच्या पाटीत छाती बसत नाही. घरात समुद्रावर जाऊ शकेल असा दुसरा पुरुष मीच. बैलगाडीतून परत आलो. घरी पोचल्यावर मी माझी पुस्तकं ट्रंकेत तळाशी घातली आणि वर बाबांचं जुनं कांबळं घातलं. आईनं पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या तेव्हा मी किनाऱ्यावर होडीच्या नाखव्याला भेटायला गेलो. बाबांच्या जागी मला घ्या, एवढं सांगायचं होतं. आई मागून आली. भागीआय पडावाला टेकलेलीच होती.

"काशिनाथा, बाप कुठं?"

"घरी निजलेत. काल डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, छा—"

"पाठ गेली ना त्याची? ऐकलं मी. जाळं वढताना गेली."

"नाही भागीआय, डॉक्टर म्हणाले की—"

"डाक्टर पोरगा हाय. त्याला पाठ कळत न्हाय."

"अगं, पण—"

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी गप्प झालो. भागीआय मोठ्यानं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धाकूची पाठ गेलीय. पाठ पाटीत बसते. आजपासनं पाटी धाकूच्या घरी."

एकापाठोपाठ एक बाई पुढे आली, मासळी टाकून गेली. मग कमळीकाकीची पाळी आली. कमळीकाकीचं घर आमच्या घराला लागून. तिचा नवरा आदल्या वर्षी छातीनंच गेला होता. त्याच्यासाठी तिनं पाटी मागितली होती, आणि भागीआयनं तिला पाटीचा तळ दाखवला होता. तो खोकत खोकत समुद्रावर जात राहिला, जाता येईनासं झालं तोवर. तेव्हापासून कमळीकाकी दिराचा वाटा बाजारात न्यायची, त्यातली मासळी रोज पाटीत टाकायची, पण भागीआयशी एक शब्द बोलायची नाही.

त्या दिवशी ती बोलली. "पाठ गेलेला माणूस येवढा खोकतो का, भागीआय? आमची भिंत एक हाय. मना ऐकू येतं."

पुढे निघालेल्या बायका थांबल्या. भागीआयचं बोट दातांवरच राहिलं.

"खोकतो," ती म्हणाली.

"माझापण खोकायचा."

"व्हय." भागीआयनं बोट खाली घेतलं, लुगड्याला पुसलं. "त्या येळी मना सुचलं न्हाय, कमळे."

कमळीकाकी उभी राहिली. तिनं एक शब्द जास्त उच्चारला असता तर पाटी तिथंच उलटी झाली असती, आणि तिला तो उच्चारायचा पूर्ण हक्क होता. मग तिनं आपल्या पाटीत हात घातला, बाजारासाठी वर मांडलेलं पापलेट काढलं आणि दुखण्याच्या पाटीत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. पाटी डोक्यावर घेता घेता आईला म्हणाली, "पाठीचं दुखणं लवकर जात न्हाय, वयनी. नारळी पुनव धरा." आणि बोर्लीच्या वाटेला लागली.

मी कॉलेजात परत गेलो तो त्या पापलेटावर.

पण इथं गोष्ट संपली असती तर माझ्या कपाळाला आठी पडली नसती. पाठ म्हटलं म्हणजे पाठच, असा भागीआयचा हुकूम सुटला. माझे बाबा सरळ माणूस. त्यांना साधी थाप मारता येत नसे. ते उठून न्हाणीपर्यंत गेले तरी ताठ चालत आणि खोकत. भागीआय रोज दारावरून जाताना डोकावायची आणि तिथूनच ओरडायची, "धाकल्या! पाठ!" की बाबा गडबडून कमरेवर हात ठेवून वाकायचे. एकदा घाईत त्यांनी गुडघा धरला. तेव्हा तिनं त्यांना दारात उभं करून वाकायचं कसं ते करून दाखवलं. कोळीवाड्यातली पोरं बाबांची नक्कल करत फिरायची. एकदा त्यांनी बसल्या बसल्या फाटकं जाळं विणायला घेतलं, तर ती घरात शिरली आणि जाळं उचलून घेऊन गेली. "पाठ गेलेला माणूस जाळं विणतो? लाज न्हाय वाटत, चार बायकांची मासळी खायला?"

"छातीनं मरीन का न्हाय ठाव न्हाय," बाबा मला म्हणाले, "पण ह्या पाठीनं नक्की मरीन."

शिमग्यापर्यंत वाकून वाकून त्यांची पाठ खरोखरच दुखायला लागली. भागीआयला कळलं तेव्हा तिचं समाधान झालं. "बघ," ती आईला म्हणाली, "मी काय खोटं बोलले व्हते?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याशी नीट, शांतपणे बोलायचं ठरवून गेलो. मी अर्थशास्त्र घेतलं होतं आणि माझ्या डोक्यात एक व्यवस्थित योजना होती. म्हटलं, भागीआय, सोंग कशाला? नियमच बदलू. लांबणाऱ्या दुखण्याला पूर्ण पाटी देता येत नसेल तर अर्धी देऊ. कुणालाच 'नाही' म्हणायला नको आणि खोटं बोलायलाही नको.

"अर्ध्या भातानं छाती बरी व्हते?"

"पूर्ण नाही होत, पण काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

"नेम बदलला की उद्या अख्खा कोळीवाडा खोकत येल. पाटीला तळ हाय."

"मग माझ्या बापाच्या वेळी तळ कुठं गेला होता?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकं शिकूनही मला साधी गोष्ट कळत नाही. "तुझ्या बापाची पाठ व्हती."

हे ती मला सांगत होती! बाबांना दवाखान्यात नेलं होतं मी. मी कपाळावर हात मारून उठलो. आजही माझं मत बदललेलं नाही. नियम उघडपणे बदलायला हवा होता. ज्याच्यासाठी तिला पाठ सुचली तो तरला, ज्याच्यासाठी सुचली नाही तो गेला, याला व्यवस्था म्हणत नाहीत. माझं म्हणणं बरोबरच होतं. पण माझ्या बरोबर असण्यानं त्या वर्षी आमच्या दारात तांदूळ आला नसता, हेही तितकंच खरं.

नारळी पुनवेला नारळ समुद्रात सोडून बाबा होडीवर चढले. पुढे मी बी.ए. झालो. पेढे घेऊन आधी भागीआयकडे गेलो, पाया पडलो. तिनं पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ह्यानं कोणाचं दुखणं बरं व्हतं का?" म्हणाली, आणि माझ्यादेखत तो मासळीच्या पाटीत टाकला. बोंबलाचा वास लागलेला तो पेढा कुठल्या तरी तापकऱ्याला गेला असेल. मला तिच्या तोंडून एक चांगला शब्द हवा होता. तो मला कधीच मिळाला नाही.

मग मला अलिबागच्या एका शाळेत नोकरी लागली. एका श्रावणात, नारळी पुनव झाल्यावर, बाबा अचानक एस.टी.नं आले. हातात सुक्या बोंबलांची जुडी, चेहरा उतरलेला. पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "भागीआय खोकतेय."

डॉक्टरांनी छातीच सांगितली होती. सुया घ्या आणि पडून राहा, बरं वाटेल, म्हणाले. पण पडून राहायचं तर खायचं काय? तिला मूलबाळ नव्हतं, सुकी मासळी विकून ती पोट भरायची. बायकांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात तांदूळ नेऊन ठेवला, तो तिनं परत पाठवला. पुन्हा नेला, तर स्वतः डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर आणून ठेवला आणि धाप लागून तिथंच बसली. छाती पाटीत बसत नाही.

"मी गेलो सांगाया," बाबा म्हणाले. "म्हटलं, भागीआय, मी न्हाय का खाल्ली पाटी? माझीपण छातीच व्हती ना? तर मलाच म्हणते, 'तुझी पाठ व्हती, धाकल्या. तू इसरलास.'" बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "अरे, काय करायचं ह्या बाईचं! रोज सकाळी खोकत किनाऱ्यावर येते, का तर पाटी आपल्या घरी येऊ नये म्हणून राखण करायला! अशी ती दसरा बघायची न्हाय."

मी इतका चिडलो की शाळेत मधल्या सुट्टीत जेवलो नाही. कागद घेऊन लिहायला बसलो. पाठीची सबब तिच्याबाबतीत मला सुचवायची नव्हती. तिचा नियम कसा चुकीचा आहे, तो कसा बदलावा, अर्धी पाटी म्हणजे काय, सगळं पुन्हा नीट लिहिलं. पानंच्या पानं झाली. आणि मग लक्षात आलं की हे वाचणार कोण? आमच्याकडे पत्र आलं की ते गावचे गुरुजी वाचून दाखवायचे, तेही किनाऱ्यावर, होड्यांची वाट बघणाऱ्या सगळ्या बायकांसमोर. पत्र एकाच्या नावाचं असलं तरी ते सगळ्यांचं असे. म्हणजे मी लिहीन ते अख्खा कोळीवाडा ऐकणार, आणि माझा युक्तिवाद ऐकून ती पाटी तिरकी करून दाखवणार.

मी ती पानं फाडली आणि दुसरं पत्र लिहिलं.

ते गुरुजींनी वाचून दाखवलं तेव्हा भागीआय फार चिडली, असं बाबांनी नंतर सांगितलं. "येवढं शिकला आन् हे लिवतोय!" म्हणाली. पण त्या दिवशी पाटी तिच्या घरी गेली, कमळीकाकीनं नेली, आणि त्यातला तांदूळ परत आला नाही. भागीआयनं तो दसरा पाहिला आणि त्यानंतरचेही काही पाहिले. ती गेली ती म्हातारपणानं, आणि म्हातारपण पाटीत बसत नाही म्हणून शेवटच्या आजारात तिनं पुन्हा सगळ्यांशी भांडण काढलं. ते वेगळं. तिच्या मागे ते पत्र कमळीकाकीनं मला परत दिलं. ते असं:

अलिबाग

तीर्थस्वरूप भागीआयस काशिनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा इथे येऊन गेले. तुझी पाठ गेल्याचे त्यांच्याकडून समजले. फार वाईट वाटले. इतकी वर्षे पडावाला टेकून, एका अंगाला वळून प्रत्येकीची मासळी तपासायची म्हणजे पाठ जाणारच.

डॉक्टर छाती म्हणाले असतील. पण डॉक्टर तरुण आहेत आणि त्यांना पाठ कळत नाही, हे तूच मला शिकवलेस. मी बी.ए. झालो आहे, शाळेत शिक्षक आहे, आणि हे शाईने लिहून देतो की तुझी पाठ गेली आहे. गुरुजी, हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल.

पाठ पाटीत बसते. हा नियम तुझा आहे. तो तू मोडू नयेस, अशी माझी विनंती आहे. पाठीच्या दुखण्याला किती दिवस लागतात ते कमळीकाकी सांगेल. वाकायचे कसे ते बाबा दाखवतील, त्यांना सवय आहे.

हे मला वेळेवर सुचले, ते तुझ्यामुळे.

कुणी समाचाराला आले तर बोलण्याआधी कमरेवर हात ठेव. खोकला आला तर येऊ दे. हात काढू नकोस.

तुझा,
काशिनाथ